पेठेच्या वेशीवर

रुकडीजवळ पंचगंगेचा पूल खडखडला की कोल्हापूर आलं. मुंबईला नोकरीला गेल्यापासून इतकी वर्षं मी याच आवाजाने जागा होतो आणि बर्थखालच्या चपला शोधायला वाकतो. या खेपेला उठलो तर समोरच्या बर्थवर लेक माझ्याआधीच उठून बसली होती. मांडीवर पुस्तक आणि बोट शेवटच्या पानावर. नववीत आहे ती. शाळेने इंग्रजीच्या जादा वाचनासाठी 'द आउटसायडर्स' ही कादंबरी दिली होती आणि कल्याण सुटल्यापासून तिने ती खाली ठेवलेली नव्हती.

"बाबा, तू इथे शिकायला होतास तेव्हा कुठल्या गँगमधला होतास?"

"कुठल्याच नाही. मी बोर्डिंगचा पोरगा."

"म्हणजे?"

हे 'म्हणजे' उलगडून सांगायला आमच्याकडे शनिवार-रविवार होते.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या एका शाळकरी मुलीने पंधराव्या वर्षी ही गोष्ट लिहायला घेतली. १९६७ साली ती छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नाव सुझन हिंटन. पोरांच्या मारामारीची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे कळलं तर समीक्षक ती मनावर घेणार नाहीत, या धास्तीने प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं घातली, एस. ई. हिंटन. गोष्ट दोन टोळ्यांची आहे. शहराच्या पूर्वेकडची, केस वाढवून त्यांना तेल चोपडणारी गरिबाघरची पोरं ती ग्रीझर. पश्चिमेकडची, मोटारी उडवणारी श्रीमंतांची पोरं ती सोश. गोष्ट सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईवडील मोटार अपघातात गेलेले, आणि वीस वर्षांचा थोरला भाऊ लोकांच्या घरांवर छपरं घालून दोन धाकट्यांना सांभाळतो. एका रात्री बागेतल्या कारंज्यात सोश पोरं पोनीबॉयचं डोकं बुडवून धरतात आणि त्याचा मित्र जॉनी सुरा चालवतो. या जॉनीला पूर्वी त्या पोरांनी मरणाचा मार दिलेला असतो. एक पोरगा मरतो. उरलेलं सगळं पुस्तक त्या एका क्षणाचं ओझं वाहत चालतं.

मी ती पस्तिशीत वाचली आणि डोळ्यांपुढे कोल्हापूर उभं राहिलं. रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे, खुन्नस, एकमेकांच्या हद्दीत एकट्याने न जाणं, हे सगळं ओळखीचं होतं. तरी वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. त्या पोरांना जायला जागाच नव्हती. एक मोकळा प्लॉट, तिथे शेकोटी, एवढंच. त्यांच्या रागाला कुणाचं छप्पर नव्हतं, की हाक मारून आत घेणारं वडीलधारं माणूस नव्हतं. कोल्हापूरच्या पोरांना दार होतं. एक तालमीचं आणि दुसरं बोर्डिंगचं. ही दोन दारं मला लेकीला दाखवायची होती.

स्टेशनवरून रिक्षा केली ती दसरा चौकात सोडली. शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून नुसती मान फिरवली तरी मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशा पाट्या डोळ्यांत भरतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच परिसरामुळे. १८९४ साली महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा खेड्यातल्या पोराने शहरात शिकायला यायचं म्हणजे आधी प्रश्न असायचा, राहणार कुठे आणि जेवणार कुणाच्या पंगतीला? जात विचारल्याशिवाय कुणी ओसरीसुद्धा देत नसे. महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलं. जैन बोर्डिंगही त्याच वर्षीचं. मग १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत आणि १९०८ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला होता. शिकलेल्या पोराला पुढे नोकरी मिळणार नसेल तर तो गाव सोडून येईल कशाला, हा त्यातला सरळ हिशेब होता.

"पण प्रत्येक जातीचं वेगळं का?" लेकीने विचारलं. हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. माझं स्वतःचं मत असं की, दारावर जातीची पाटी असणं हे दुःखच आहे, पण त्या काळात पाटीवाचून दार उघडलंच नसतं. ज्या समाजाचं बोर्डिंग तो समाज धान्य घालायचा, देणगी द्यायचा आणि पोरं पाठवायचा. एकत्र पंगतीची वाट बघत बसले असते तर माझ्या आजोबांच्या पिढीतलं कुणीच शिकलं नसतं.

दसरा चौकातून भवानी मंडपाकडे जाणारा तो भाऊसिंगजी रोड. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. महाराजांच्या पागेतला हा नोकर. वरच्या जातींसाठी ठेवलेल्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्याला बाकीच्यांनी बेदम मारलं. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामला हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः या रस्त्यावर गाडी थांबवून त्याच्याकडचा चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. राजाने घेतल्यावर दुसरा नको कसा म्हणणार? टल्साच्या गोष्टीत पोनीबॉय आणि श्रीमंत घरातली चेरी सिनेमाच्या थिएटरात एकमेकांशी बोलतात, तेवढ्यावरूनच पुढचा सगळा अनर्थ घडतो. दोन वर्गांमधली रेघ ओलांडायला तिथे दोन पोरांखेरीज कुणी पुढे येत नाही. इथे ती रेघ रोज चहाच्या वेळी खुद्द राजा ओलांडत होता. लेक रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी होती. तिथे आता दुकानं आहेत आणि दुचाकींची रांग.

मी १९८८ च्या जूनमध्ये भुदरगड तालुक्यातून एसटीने इथे उतरलो. अकरावीला. पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि ताट-वाटी-तांब्या. बोर्डिंगात पहाटे पाचला घंटा, रात्री दहाला दिवे बंद, जेवायला आपापलं ताट घेऊन ओळ. घरून डबा यायचा तो एसटीच्या टपावरून. भाकरी, झुणका, कधी ठेचा, आणि वरून धडप्याची गाठ. गाठीला आईने शाईच्या पेन्सिलीने नाव लिहिलेली चिंधी बांधलेली असे. पावसात ती शाई पसरायची आणि स्टँडवर डबे वाटणाऱ्याला जांभळा डाग बघून ओळखावं लागायचं, हा अमक्याचा. त्या डागाची मला कॉलेजात लाज वाटे. पेठेतली पोरं दुपारी घरी जाऊन जेवून यायची. अंगावरचे कपडे त्यांचेही साधेच, बाप रिक्षावाला, सुतार, भाजीवाला, नाहीतर उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कामाला. पैशाने ती माझ्याहून फार वर नव्हती. पण त्यांना पेठ होती.

पेठ म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावणं अवघड. पत्त्यात ती एक ओळ असते. माणसात मात्र ती नावाच्या आधी येते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रविवार पेठ, जुना बुधवार, उत्तरेश्वर. कोल्हापुरात दोन पोरं भेटली की तिसरं वाक्य असतं, "पेठ कंची?" या पेठांमधल्या चढाओढीला इथे ईर्षा म्हणतात. पुस्तकी मराठीत ईर्षा म्हणजे मत्सर. इथे ती वाईट गोष्ट मानत नाहीत. "आमच्यात ईर्षा हाय" हे छाती पुढे काढून सांगतात. त्यांच्यापेक्षा आपला गणपती भारी, आपला पैलवान भारी, आपला संघ भारी. आणि पेठेच्या काळजात तिची तालीम.

म्हणून आम्ही आधी खासबागेत गेलो. १९०२ साली युरोपात गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचं कोलोझियम पाहिलं आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्या गावात हवं हे मनात धरलं. १९१२ ला ते पुरं झालं. ताटलीसारखं खोल मैदान, मध्ये लाल मातीचा आखाडा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. वरच्या पायरीवरचा हमाल आणि खाली बसलेला सरदार, दोघांना एकच कुस्ती सारखी दिसते. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं त्याचे फोटो मी मुंबईत मोबाईलवर पाहिले आणि जेवण गेलं नाही. तिथून लेकीला लवकर पुढे नेलं.

तालीम हा शब्द मुळात अरबी, अर्थ शिक्षण. नाटकाची तालीम म्हणतो तोच. तेव्हा बोर्डिंग आणि तालीम ही सख्खी भावंडंच म्हणायची. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी इथल्या तालमींत खेड्यापाड्यांतून आलेली पोरं राहतात, स्वतः रांधतात, पहाटे तीन-चारला उठून जोर काढतात. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते. कोपऱ्यात मारुती, भिंतीला गदा आणि वस्तादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. १९५९ साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. कानडी मुलखातून आलेला पोरगा शाहूपुरी तालमीत घडला आणि कोल्हापूरचा झाला. त्यांना कुणी बाहेरचा म्हटलं नाही. मातीत उतरलेल्याला पेठ विचारत नाहीत, वजन विचारतात.

पेठांमधल्या तालमींचं रूप पुढे बदललं. संस्थानी काळात राजघराण्याने फुटबॉलला आश्रय दिला आणि लाल मातीतली ईर्षा हिरवळीवर आली. म्हणून तर इथल्या फुटबॉल संघांची नावं ऐकून परगावचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. हे सगळे फुटबॉलचे संघ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये हे संघ भिडतात तेव्हा शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या कामाच्या दिवशीही भरतात. महाराष्ट्रात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला, तेही गावातल्याच दोन संघांच्या सामन्याला, असली गर्दी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. नायजेरियातले खेळाडूही या संघांतून खेळून गेले. त्यातला एखादा गोल करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पेठेतल्या चहाच्या टपरीवर त्याच्याकडून कुणी पैसे घ्यायचं नाही.

स्टेडियमच्या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवलं. शिवाजी पेठेजवळचं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, तेही तळंच. कपिलतीर्थावर मंडई बसली. ही तळ्यांची नगरी होती, आणि पोरं खेळतात ती बहुतेक जागा पाण्यावर भर टाकून झालेली आहे. लेकीला हे फार आवडलं. तिने वहीत लिहून घेतलं.

आता ते सांगायला हवं. अकरावीतल्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेलो. बोर्डिंगातलं कुणी सोबत आलं नाही, एकटाच. कुठल्या गॅलरीत कोण बसतं हे मला ठाऊक नव्हतं. रिकामी जागा दिसली तिथे बसलो. समोरच्या संघाच्या पोराने लांबून असा काही फटका मारला की चेंडू वळून वरच्या कोपऱ्यातून जाळ्यात गेला, आणि मी टाळी वाजवली. खेळ सुंदर होता म्हणून वाजवली. माझ्या भोवतीची शंभर माणसं गप्प होती. पहिली थप्पड मागून आली, पुढच्या मोजल्या नाहीत. पायऱ्यांवरून खाली आलो तेव्हा पायात चपला नव्हत्या आणि शर्टाचा खिसा लोंबत होता.

दाराजवळ माझ्याच वयाच्या एका पोराने दंडाला धरलं. मला वाटलं, हा आणखी एक. तो मला ओढतच दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या तालमीत घेऊन गेला. ज्यांनी मारलं त्याच पेठेची ती तालीम. "हितं बस. पाणी पी आधी," म्हणाला. आत एक म्हातारे वस्ताद कट्ट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठला रं तू?" भुदरगड सांगितलं. "पेठ कंची?" मी म्हटलं, बोर्डिंग. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाहेर जमलेल्या पोरांना ज्या आवाजात बोलावलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. शिकायला आलेल्या पोरावर हात टाकलासा, एवढं एकच त्यांनी म्हटलं. तिघांनी खाली माना घातल्या. माझ्या चपला मात्र सापडल्या नाहीत. बोर्डिंगपर्यंत अनवाणी गेलो, आणि तो पोरगा अर्ध्या वाटेपर्यंत सोबत आला. पुढे त्याची पेठ संपत होती.

जॉनीला मार बसल्यावर टल्सात असा आवाज काढणारं कुणी नव्हतं. त्याच्या घरातले आईबाप असून नसल्यासारखे. म्हणून त्याने खिशात सुरा ठेवला. मला सुऱ्याची गरज पडली नाही याचं श्रेय मी त्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला देतो.

शनिवारी संध्याकाळी ती तालीम शोधली. इमारत दुमजली झाली आहे. वरच्या मजल्यावर व्यायामाची यंत्रं, आरसे, मोठ्याने गाणी. खाली मारुती तिथेच आहे. हौदा बुजवून फरशी घातली आहे. वस्ताद केव्हाच गेले, आणि तो पोरगा कोण होता हे विचारायला माझ्याकडे नाव नव्हतं. कट्टा आहे. त्याच्यावर संध्याकाळी पाच-सहा पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसली होती, आणि त्यांच्यात थोरलं असं जे होतं ते फार तर वीस वर्षांचं असेल.

मला ही गोष्ट साधी वाटत नाही. स्टेडियमवर हुल्लडबाजी तेव्हाही होती. आता दगड, बाटल्या, सामने थांबणं, पोलीस बंदोबस्त आणि नंतर समाजमाध्यमांवर एकमेकांच्या पेठेला डिवचणं, हे सगळं आहे. त्यात पकडली जाणारी पोरं सतरा-अठरा वर्षांची. याच वयाची याच जिल्ह्यातली पोरं पहाटे रंकाळ्याभोवती आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर सैन्याच्या, पोलिसांच्या भरतीसाठी पळत असतात. गुन्हा नोंद झाला की चारित्र्य पडताळणीत तो निघतो, आणि चार वर्षांची दौड एका दगडापायी वाया जाते. नुकसान कुणाचं होतं? ज्याच्या बापाचा धंदा आहे त्याला भरतीला जायचंच नसतं. दगड दोघांनी मारलेला असतो, नोकरी एकाचीच जाते. हिंटनची कादंबरी इथे येऊन कोल्हापूरला भिडते. दोन पेठांमधली रेघ वर्गाची नाही, हे मी लेकीला दिवसभर सांगत होतो. पण प्रत्येक पेठेच्या आत ती रेघ आहे.

रविवारी सकाळी ती आणखी ठळक दिसली. ओळखीच्या एका कुटुंबाकडे नाष्ट्याला गेलो होतो. तांबडा कट, शेव, वर लिंबू आणि ब्रेड, अशी मिसळ लेकीने डोळ्यांतून पाणी गाळत संपवली. हे कुटुंब पेठेतून निघून ताराबाई पार्काच्या बाजूला राहायला गेलं आहे. त्यांचा मुलगा लेकीच्याच वयाचा, फुटबॉलवेडा. तो खेळतो टर्फवर. जाळीने बंदिस्त मैदान, खोटी हिरवळ, तासावर भाडं, पोरं पैसे गोळा करून बुकिंग करतात. हुशार, गोड मुलगा. त्याला युरोपातल्या सगळ्या क्लबांचे खेळाडू तोंडपाठ आहेत आणि पेठेतल्या एकाही संघाचा सामना त्याने पाहिलेला नाही. "तिथे भांडणं होतात," असं त्याच्या आईने सांगितलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, त्यात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरच्याच रिक्षाचालकाचा मुलगा, हेही त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकाच गावात एकाच खेळावर जीव टाकणारी दोन पोरं एकमेकांना कधी भेटणारच नाहीत, तर ती एकमेकांना ओळखणार कशी? पेठांची ईर्षा मला परवडते. ईर्षेला निदान समोरच्याचं नाव माहीत असतं.

मराठीत या वयाच्या पोरांवर थोर लेखन आहे. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ ची, म्हणजे हिंटनच्या दोनच वर्षं आधीची. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांना जसं होतं तसं छापल्याबद्दल त्यांनी केवढ्या शिव्या खाल्ल्या. मिलिंद बोकील यांची 'शाळा' तर घराघरांत आहे. कोल्हापूरच्या गॅलरीतल्या पोरावरची कादंबरी मात्र मी शोधतो आहे. ती कुणी तरी पंधराव्या वर्षीच लिहायला घ्यावी, आणि शक्यतो एखाद्या मुलीने. हे सुचलं लेकीमुळे. दुपारी स्टेडियममध्ये शिरताच तिने विचारलं, "मुली कुठे बसतात?" मी गॅलऱ्यांवरून नजर फिरवली. कोल्हापूरच्या मुली आता फुटबॉल खेळतात, राज्याच्या संघात जातात. बघायला आलेल्या मात्र त्या दिवशी मला आठ-दहाच दिसल्या. आम्ही आपले एका टोकाला, पायऱ्यांच्या वाटेजवळ बसलो.

सामना शिवाजी पेठेतल्या एका संघाचा आणि मंगळवार पेठेतल्या एका संघाचा होता. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे झालं ते कुणाच्याही सामन्यात होतं. आमच्या शेजारी बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा होता. अंगात संघाची जर्सी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. काखेत मोठ्या माणसाच्या चामडी चपला, तळव्याला तळवा लावून धरलेल्या. त्याचं सगळं शरीर मैदानावर होतं. चेंडू त्यांच्या उजव्या बगलेकडे गेला की त्याचा उजवा खांदा हले. मध्यंतराला लेकीने विचारलं, या चपला कुणाच्या?

"दादाच्या. आत ठेवल्या की चोरीला जात्यात."

दादा खेळत होता.

दुसऱ्या सत्रात पेनल्टी दिली गेली. आधी एक पाण्याची बाटली मैदानात पडली, मग बऱ्याच. समोरच्या गॅलरीतून घोषणा, आमच्याकडून शिव्या, आणि पोलिसांनी जमिनीवर काठ्या आपटल्या तशी वरची सगळी गर्दी आमच्या पायऱ्यांवरून खाली लोटली. मी लेकीला कठड्याशी ओढून दोन्ही हातांत धरलं. मिनिटभरच चाललं असेल. मग पंचांनी कर्णधारांना बोलावलं, कुणी तरी ध्वनिक्षेपकावरून शांत राहायला सांगितलं, गर्दी हळूहळू जागेवर चढली आणि दहा मिनिटांनी खेळ सुरू झाला.

पोरगा मैदानाकडे बघत नव्हता. त्याच्या हातात एकच चप्पल होती. दुसरी शोधत तो पायरीपायरीवर वाकत होता, लोकांच्या पायांमधून हात घालत होता. कुणी त्याला बाजूला ढकललं, कुणी ओरडलं, "खाली बस की रं!" त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, पण तो रडत नव्हता. मी उठायच्या आत लेक उठली. तीन पायऱ्या खाली, शेंगांची टरफलं आणि चुरगळलेले कागद यांच्यात चप्पल उलटी पडली होती. तिने ती झटकली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि त्याला दिली.

त्याने आधी चप्पल तपासली, अंगठा ओढून पाहिला. मग तिच्याकडे बघितलं.

"तू कंच्या पेठेची?"

"ठाण्याची."

तो विचारात पडला. हे उत्तर त्याला कुठे बसवावं कळेना. "आमचा दादा आठ नंबरचा," शेवटी म्हणाला आणि बोट करून दाखवलं. मग दोन्ही चपला पुन्हा काखेत मारून आमच्या शेजारी, पहिल्यापेक्षा जरा जवळ बसला.

शिट्टी झाली तेव्हा निकाल काय लागला यावर गॅलरीत अजून वाद चालू होता. परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची वेळ व्हायची होती, म्हणून आम्ही गर्दी ओसरू दिली. खेळाडू बाहेर पडतात त्या दारापाशी पोरगा आमच्याआधी जाऊन उभा होता. त्याने खाली वाकून हाताने थोडी माती साफ केली, दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या, टोकं दाराकडून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे येणाऱ्याला नुसते पाय सरकवता येतील, आणि बाजूला होऊन तो वाट बघत राहिला.